वकिलाचं तोंड

२ सप्टेंबर

ही वही हॉस्पिटलने माझ्या धाकट्या भावाला दिली होती, रोज किती दुखतं ते लिहायला. त्याने ती खिडकीतून बाहेर भिरकावली, मी उचलून आणली. कागद चांगला आहे. प्रत्येक पानावर शून्य ते दहा आकडे छापलेत, त्यातल्या एकाभोवती गोल करायचा. मी करणार नाही.

आजपासून वकील माझ्याकडे. घोड्याचं हे नाव बाबांनी ठेवलं, कारण वाद घातल्याशिवाय तो एकही गोष्ट ऐकत नाही. बाबांच्या हातचं, याच पागेत जन्मलेलं शेवटचं शिंगरू. आता नऊ वर्षांचा आहे आणि अडथळ्यावरून असा जातो, की खालच्या दांड्या पोरांनी खेळायला मांडल्यासारख्या वाटतात. पण अडथळा दिसला की मान वर करून सुटतो, मग पाठीवर कोण बसलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. मे महिन्यात पाठीवर माझा भाऊ होता. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि उलटा कोसळला. भावाचं कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

तो आता कुबड्यांवर चालतो. जिना चढवत नाही, म्हणून बाबांच्या खालच्या ऑफिसात त्याची खाट टाकलीय. घोडा आम्हा दोघांच्या नावावर. संघाच्या निवड चाचणीला सात आठवडे उरलेत. आज त्याने खाटेवरूनच जाहीर केलं, "चाचणीत तुला जमलं तर ठेवू. नाही जमलं तर त्याला नदीपलीकडच्या पागेत पाठवायचं."

"आणि जमलं की नाही हे कोण ठरवणार?"

"निकाल ठरवेल," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. आई दारात चहा घेऊन उभी होती. तिने दोन्ही कप परत नेले.

५ सप्टेंबर

तीन दिवस घोड्याच्या तोंडात लगामाचं लोखंड, म्हणजे बिट, धाकट्याचंच ठेवलं. साधं, मधे एकच सांधा असलेलं. मोतद्दार काका त्याला अजून कडियाळं म्हणतात. ते बाबांच्या वेळेपासून पागेत आहेत आणि नवा शब्द उचलायला त्यांना वेळ मिळालेला नाही.

काडीने बैल वळवावा तसा प्रकार. वळणापर्यंत ठीक, वळणावर मान वर, तोंड उघडं, आणि मग मी फक्त पाहुणी. आज तिसऱ्या अडथळ्यानंतर तो थेट कुंपणापर्यंत गेला. मी थांबवला. म्हणजे कुंपणाने थांबवला.

धाकटा रिंगणाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसतो. सकाळपासून. त्याला कुणी बोलावत नाही.

"वळणाच्या आधीच आवळतेस तू," तो म्हणाला.

"मग काय वळणानंतर आवळू?"

"आवळूच नकोस."

त्याने न आवळता काय मिळवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी तसं बोलले असते तर आईला ऐकू गेलं असतं.

९ सप्टेंबर

धाकट्याचं म्हणणं घोड्याला मऊ हवं, तर घे मऊ. रबराचं जाडजूड बिट आणलं, लहान मुलाच्या मुठीत मावणार नाही एवढं. याहून मऊ काही बाजारात नाही. घोड्याने ते पहिल्या मिनिटापासून चावायला घेतलं, जीभ बाजूने बाहेर काढली आणि रिंगणाला सात फेऱ्या मारल्या. सात मी मोजल्या. माझ्या करंगळीजवळचं कातडं सोललं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. खुर्चीसमोरून जाताना मी म्हटलं, "बघ, मऊ."

त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो घोड्याच्या जिभेकडे बघत होता, माझ्याकडे नाही. हरलेला माणूस असाच दुसरीकडे बघतो.

१४ सप्टेंबर

नवं बिट. याच्या कड्यांतून दोरी सरकते. लगाम ओढला की बिट तोंडात वर चढतं आणि डोक्यामागचा पट्टा खाली दाबला जातो. दोन दिवस घोडा एकदम शहाणा. पंधरा उड्या, एकही दांडी पडली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने उत्तर शोधून काढलं: मान छातीला लावायची आणि तशीच पळायचं. नाव उगाच नाही ठेवलेलं.

काका कुरकुरतात. "रोज नवं कडियाळं, ताई, आणि रोज मीच घासायचं. याच्या तोंडात काय घालायचं ते एकदाचं ठरवा."

"ठरतंय," मी म्हटलं.

नाकपट्टी दोन भोकं आवळली, म्हणजे तोंड उघडायचा प्रश्नच नको.

सकाळी खोगीर कसताना हात थोडे थरथरतात. नाश्ता न करता जाते त्यामुळे. उद्यापासून केळं खाऊन जाईन.

२१ सप्टेंबर

केळ्याने फरक नाही. लोह कमी असेल.

आज लांब दांड्यांचं काढलं. हनुवटीखाली साखळी असते ते. यात माझा एक किलोचा जोर त्याच्या जबड्याला चार किलोंचा लागतो. न्याय्य आहे, त्याचं वजन माझ्या दसपट. पहिल्याच ओढीला थांबला, जागच्या जागी. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले.

धाकटा आज खुर्चीत बसला नाही. खोगिरांच्या खोलीत मी बिट पुसत होते, तेव्हा कुबड्या टेकत आला आणि दारातच थांबला. पांढराफटक.

"हे?" तो म्हणाला.

"हेच चालतं त्याला."

"हेच चालतं," त्याने माझेच शब्द सावकाश पुन्हा उच्चारले. मग माझ्या हातातल्या बिटकडे बघत कुबडीवर रेलला. मला वाटलं पाय दुखतोय. मी स्टूल पुढे केलं, तर कुबडीने ते सरकवून निघून गेला. चांगुलपणा दाखवावा तर ही तऱ्हा.

जेवायला आता तो आठला बसतो, मी नऊला. आईला दोनदा पोळ्या गरम कराव्या लागतात. माझ्या ताटात ती पोळी वरून टाकते.

२९ सप्टेंबर

छोट्या स्पर्धेत पहिली आले. एकही दांडी पडली नाही, वेळही सगळ्यांत कमी. घोडा वळणावर दचकत होता, अडथळ्याआधी दोनदा पुढचे पाय उचलले, पण गेला. जो उठतो तो विचारतो, याला आवरलंत कसं? मी म्हटलं, योग्य बिट.

आईने फोनवर अभिनंदन केलं. मागून धाकट्याचा आवाज येत नव्हता, पण तो तिथेच होता. तो असला की आई हळू बोलते.

तोंडाचा फेस जरा गुलाबी दिसला. गाजराचा रंग. काकांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "गाजरं संपून तीन दिवस झाले."

काकांचं वय झालं. हल्ली काही लक्षात राहत नाही त्यांच्या.

६ ऑक्टोबर

मोठी स्पर्धा. सहा अडथळे झाले, सहा व्यवस्थित. सातव्याच्या वळणावर मी आवळलं, तो उभा राहिला. पूर्ण नाही, अर्धा. पुन्हा खाली आला, सातवा मारला, शेवटपर्यंत गेलो. लोक टाळ्या वाजवत होते.

बाहेर पडायच्या फाटकाशी पंच उभी असते. तिने पांढरा हातमोजा घातला, घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दोन बोटं फिरवली आणि हात माझ्यासमोर धरला. लाल. गुलाबी म्हणायला जागाच नव्हती.

"बाद," ती म्हणाली. "उतरा."

"जीभ चावली असेल त्याने."

"उतरा म्हटलं ना."

माझ्या मागे चारजण घोड्यांवर रांगेत होते. एका बाईने आपला घोडा चार पावलं मागे घेतला, जणू माझ्याकडून काही लागण होईल. लाउडस्पीकरवर माझा नंबर आणि कारण, दोन्ही सांगितलं. कारण दोनदा सांगितलं.

गाडीतून घोडा उतरवताना धाकटा अंगणात उभा होता. बातमी आमच्याआधी पोचली होती. चार पावलांवर थांबून त्याने मला घोड्याचा ओठ वर करायला लावला, बघितलं, मान वळवली.

"ताई, बस झालं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तू उड्या मारशील का आता? कुबड्यांनी?"

"मे महिन्यातही हेच होतं याच्या तोंडात."

काकांनी बादली खाली ठेवली. मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नकोस," आणि आत आले.

७ ऑक्टोबर

लिहून टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

मे महिन्यातल्या त्या दिवशी काका तापाने पडले होते, खोगीर मी चढवलं. आदल्या दिवशी सरावात घोडा धाकट्याला घेऊन कुंपणावर गेला होता आणि धाकटा हसत होता. मला त्या हसण्याचा राग आला. उद्या चार लोकांत हा असाच सुटला तर पागेची काय शोभा राहील, असं वाटलं. त्याचं साधं बिट काढून मी लांब दांड्यांचं घातलं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. साखळी शेवटच्या कडीत अडकवली.

तो पडला तेव्हा सगळे त्याच्याकडे धावले. मी घोडा धरला. अँब्युलन्स येईपर्यंत मी घोड्याला पागेत नेलं, बिट काढलं, नळाखाली धुतलं आणि खुंटीला टांगलं. भाऊ जमिनीवर पडला होता आणि मी बिट धूत होते.

मग सगळ्यांना सांगितलं, घोडा तसलाच आहे. या घोड्याला कडकच लागतं. आईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आल्यागेल्याला सांगितलं. सांगून सांगून मला ते खरं वाटायला लागलं. घोडा साध्या बिटवर नीट चालू नये असं मला वाटत होतं. हे लिहिताना किती सोपं वाक्य आहे.

९ ऑक्टोबर

घोड्यांच्या दातांची डॉक्टर आली. ठेंगणी बाई, बोलणं कुऱ्हाडीसारखं. लोखंडी चौकटीने वकिलाचं तोंड उघडलं, कपाळावर दिवा लावला आणि अर्धा तास आत डोकं घालून बसली. धाकटा एका बाजूला चार हात लांब, मी दुसऱ्या. मधे घोडा, आणि काकांनी पुढ्यात मांडलेली सगळी बिटं.

"खालच्या हिरडीवर दोन्हीकडे घाव. एक जुना, एक ताजा. जुना चारपाच महिन्यांचा." तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कोण बसतं याच्यावर?"

"मी," मी म्हटलं.

"आधी मी," धाकटा म्हणाला.

"मग दोघांनीही ऐका. जीभ जाड आहे आणि टाळू सखल. तोंडात जागाच नाही. एका सांध्याचं बिट ओढलं की सांधा टाळूत टोचतो. तुमचं कुणाचं होतं ते?"

धाकट्याने मान खाली घातली. "माझं. चार वर्षं."

"म्हणून मान वर करायचा. आणि ते रबराचं, ते जाड. त्याला तोंड मिटता आलं नसेल. दांड्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही." तिने हातमोजे काढले. "मऊ की कडक हा तुमचा वाद आहे. त्याचा नाही. त्याला जागा हवी."

मोजपट्टी लावून तिने लिहून दिलं: साडेतेरा सेंटिमीटर, बारीक, जिभेवर कमानीसारखं वळलेलं, मधे चपटी कडी, दोन सांधे. नाकपट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. दहा दिवस तोंडात काहीही नाही.

"दहा दिवसांनी एकोणीस तारीख उजाडेल," मी म्हटलं. "एकवीसला चाचणी आहे."

"मग एकवीसला चाचणी आहे," ती म्हणाली आणि पेटी बंद केली.

चार वर्षं त्याचंही चुकत होतं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. नंतर गेला.

१३ ऑक्टोबर

घोड्याला नुसत्या गळ्याच्या दोरीने फिरवते. रोज तासभर, कुंपणाच्या कडेने. पाठीवर बसायचं नाही म्हटल्यावर हात थरथरत नाहीत. केळं नाही, लोह नाही. आता कळूनही काय उपयोग.

आज धाकटा सोबत चालू लागला. मी बोलावलं नव्हतं. कुंपणाच्या पलीकडून, कुबड्या टेकत. अर्धी फेरी झाल्यावर मी विचारलं, "काकांनी सांगितलं तुला? मे महिन्याचं?"

"काका आजारी होते. त्यांना काय माहीत."

"मग?"

"पहिल्या वळणावरच कळलं. हाताला कळतं."

मी घोडा थांबवला. "मग उतरला का नाहीस?"

"तू कुंपणाशी उभी होतीस. उतरलो असतो तर म्हणाली असतीस, घाबरला."

"म्हटलं असतं," मी म्हटलं.

"म्हणून नाही उतरलो. उलट आणखी ओढला. म्हटलं, तुझ्या बिटवरही मी नेऊन दाखवतो." तो थांबला, श्वास घेतला. "तो उभा राहिला तेव्हा माझे दोन्ही हात छातीपाशी होते. राग तुझा होता, जबडा त्याचा होता."

"पाच महिने बोलला नाहीस."

"पडल्या जागेवरून तू नळाशी ते धुताना दिसलीस, तेव्हापासून तू बोलायची वाट बघत होतो. रोज त्या खुर्चीत बसून. किती कडक घातलंस की बोलशील, ते बघत होतो. मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात बोलशील."

"आणि घोड्याचं तोंड?"

त्याला रोज दिसत होतं आणि तो बसून राहिला. मी माफी मागणार होते, ओठावर आली होती. तिथेच राहिली. त्यानेही मागितली नाही. घोडा मधे उभा राहून कुंपणाचं लाकूड कुरतडत होता.

१९ ऑक्टोबर

नवं बिट घातलं. त्याने दोनदा चघळलं, तोंड मिटलं आणि उभा राहिला. नऊ वर्षांत मी त्याला लगाम असताना तोंड मिटून उभा राहिलेला पाहिला नव्हता.

चमत्कार वगैरे काही नाही. अडथळा दिसला की अजून सुटतो. जोर तेवढाच आहे, आठ-नऊ लहान उड्या घेतल्या त्यात दोनदा मला घेऊन गेला. फरक एवढाच, की गेल्यावर परत येतो. आधी येत नव्हता.

वळणावर माझे हात आपोआप मागे जातात. मी ते बघते आहे आणि थांबवू शकत नाही. धाकटा खुर्चीतून ओरडला, "सोड." मी ओरडले, "माहितीये." दोघेही बरोबर होतो आणि दोघांचाही आवाज कडू होता. घोड्याने कान मागे केले.

नंतर खोगिरांच्या खोलीत मी त्याला सांगितलं. इतर कुणाला सांगणार? "मला त्याची भीती वाटते. मेपासून."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "मी तर त्याच्याजवळ खुर्चीही नेत नाही."

तो गेल्यावर लांब दांड्यांचं ते बिट मी काकांना दिलं, भंगारात टाका म्हणून. काका म्हणाले, "बरं झालं, एक कमी घासायचं."

२१ ऑक्टोबर

निवड चाचणी. बारा अडथळे, आठजण निवडणार, शिवाय एक राखीव.

पंचांनी आत जाण्याआधीच तोंड तपासलं. माझा नंबर त्यांच्या लक्षात होता. सरावाच्या मैदानात बायका-पुरुष माझ्यासाठी वाट सोडत होते, आदराने नव्हे. एकजण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज काय घातलंय, पहा बरं." मी नाकपट्टीखाली दोन बोटं सरकवून बघितली, मग पुन्हा बघितली.

पहिले चार सहज गेले. पाचव्याला जोर वाढला, सहाव्यानंतर त्याने मान वर केली आणि सुटला. समोर उतरता रस्ता, मग उजवं वळण, मग सर्वांत उंच अडथळा. माझ्या हातांना एकच गोष्ट येते, ती त्यांनी केली. तो ताठ झाला. पुढचे पाय हलके झाल्याचं मला खोगिरातून कळलं.

मी लगाम सोडला. सगळा नाही, बोटभर. आणि अडथळ्याकडे नेण्याऐवजी त्याला उजवीकडे मोठ्या गोलात घेतला. गोल घेतला की चार गुण जातात. तो घेताना मला निकाल दिसत होता. घोड्याने गोल पुरा केला, दोनदा फुरफुरला, चाल कमी केली आणि मग सातवा असा मारला की वर असताना मला वारा ऐकू आला. नवव्याला पुन्हा ओढला गेला. दहाव्याला एक दांडी पडली. शेवटच्या वळणावर पुन्हा तेच, पण बोटभर सोडायचं मला तेव्हा लवकर आठवलं.

फाटकाशी तीच पंच. तोच हातमोजा. दोन बोटं आत, दोन बोटं बाहेर. पांढरी.

"या," ती म्हणाली. हसली नाही.

नववा क्रमांक. राखीव.

धाकटा गर्दीतून कुबड्या मारत आला. मला वाटलं माझ्याकडे येतोय, तो घोड्याकडे गेला. मेनंतर पहिल्यांदा हाताच्या अंतरावर. आधी उभाच राहिला. मग ओठ उचलला, दोन्ही बाजू बघितल्या, आणि पंचांनी बघितलं असूनही बोट फिरवून स्वतः खात्री केली.

"वळणावर ओढलंस," तो घोड्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला.

"हो."

"दोनदा."

"तीनदा," मी म्हटलं. "शेवटचं तुला दिसलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि मी लगाम दिला. एका हातात लगाम, एका काखेत कुबडी. दुसरी कुबडी मला धरावी लागली. गाडी दोनशे पावलांवर होती, आम्हाला पाव तास लागला असावा. घोडा त्याच्या चालीने चालला. वाद घातला नाही.

परतीच्या वाटेवर काका गाडी चालवत होते आणि आम्ही दोघे शेजारी. राखीव म्हणजे जमलं की नाही जमलं, यावर भांडण सुरू झालं. तो म्हणाला, नाही जमलं, घोडा नदीपलीकडे. मी म्हटलं, यादीत नाव आहे म्हणजे जमलं. तो म्हणाला, वाट बघणाऱ्यांच्या यादीत. मी म्हटलं, यादी ती यादी. त्याने बाबांचं नाव काढलं, मी त्याच्या चार वर्षांच्या बिटचं काढलं, त्याने नळाचं काढलं. नळाचं निघाल्यावर मी काच खाली करून बाहेर बघितलं. मग त्यानेच पुन्हा सुरू केलं, की नवव्याला मी ओढलं नसतं तर दहाव्याची दांडी राहिली असती आणि आठवा नंबर आला असता.

"मग उद्या नवव्याचं वळण मांड," मी म्हटलं. "सकाळी सातला."

"साडेसहाला," तो म्हणाला. "सातला ऊन येतं डोळ्यांवर."

घरी पोचलो तेव्हा आईने विचारलं, काय झालं. दोघांनी एकदम दोन वेगळी उत्तरं दिली. तिने आठ वाजता दोन ताटं वाढली.